साहेबांनी मिशी काढली

टेलिफोन ऑपरेटर असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचे कान गेले, तेव्हा "बहिरीचं इथे काय काम?" म्हणत तिच्या साहेबांनी तिला चारचौघांत हाकललं. ती ओठ वाचायला शिकली, पण तो अपमान काही तिने गिळला नाही. साहेबांनी चारचौघांतच चूक कबूल करावी, एवढाच तिचा हट्ट.

म्हातारपणी तिला समानता आणि मानवी हक्क सल्लागार समितीवर घेतलं. अध्यक्ष कोण, तर तेच साहेब! प्रत्येक सदस्याने "समजलं" म्हटल्याशिवाय तिथे पुढचा विषय घेत नसत. बाईंना आणखी काय हवं होतं?

"पुन्हा सांगा, साहेब. मिशीआड ओठ दिसत नाहीत."

दर वाक्याला हेच. पुढच्या बैठकीला साहेब मिशी काढून आले, तरी हिचं "पुन्हा सांगा" सुरूच.

"अगं, पुरे कर. म्हातारा झालाय तो," मी घरी तिला म्हटलं.

"मग मी काय कुकुलं बाळ आहे, ताई?"

शेवटी साहेब टेकीला आले. "बाई, तुम्हाला काढलं ती माझी चूक होती. झालं समाधान?"

"पुन्हा सांगा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

त्यांनी उभं राहून सांगितलं.

"समजलं," ती म्हणाली. "माफ नाही केलं. घ्या पुढचा विषय."