हिरव्या बिल्ल्याचा अहवाल

लेकीने वाद न घालता "बरं" म्हटलं, तेच आईला कुरतडत होतं. ही मुलगी पाळण्यातूनच वकिली शिकून आलेली. स्वेटर घाल म्हटलं तरी आधी उलटतपासणी घ्यायची.

तिचं कामही तसलंच. शाळांमधून पर्यावरणाचे उपक्रम चालतात, त्यांनी मुलांच्या वागण्यात खरंच काही फरक पडतो का, ते ती तपासायची. वडील तिला 'फौजदारीणबाई' म्हणत. परीक्षेतल्या गुणांवर तिचा भरवसा नसे. मधल्या सुट्टीत ती एखादा नळ मुद्दाम थोडा सुरू ठेवायची आणि लांब पायरीवर डबा खात बसायची. कोण बंद करतं, ते बघत.

या वेळी पाणीबचतीच्या पेपरात मुलांना पैकीच्या पैकी गुण होते. नळ मात्र वाहतच राहिला. मुलं थबकत, बघत आणि पुढे जात. शेवटी तिने एका चिमुरडीला विचारलं.

"माझ्याकडे हिरवा बिल्ला नाही ना! नळाला हात लावला तर बाई ओरडतात."

उपक्रमात 'पाणीरक्षक' म्हणून हे बिल्ले वर्गातल्या चौघांनाच मिळालेले. आणि ती चौघं तेव्हा पाणी वाचवण्याचं गाणं बसवत होती.

घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा वडील पोट धरून हसले. "मग लिही की तसंच!"

"साहेब म्हणतात, फक्त गुण लिही. पुढच्या वर्षी हा उपक्रम सगळ्या शाळांत न्यायचाय. माझं कंत्राटही त्यांच्याच हातात आहे."

आई तिच्याजवळ सरकली. मागची नोकरी सुटली तेव्हा ही पोरगी कितीतरी दिवस कुणाशी धड बोललीही नव्हती. "हे बघ बाळा, पाण्यात राहून माशाशी वैर नको. गुण लिही आणि मोकळी हो."

"बरं," म्हणून लेक बॅग उचलून कामाच्या गावाची बस पकडायला गेली.

"ऐकलं ना तुझं? मग आता तोंड का पाडून बसलीस?" वडिलांनी विचारलं.

"पटलं म्हणून नाही हो ऐकलं. मी घाबरले, म्हणून ऐकलं."



आईच्या डोळ्यांपुढून ती चिमुरडी हलेना. हात शिवशिवत असतील, तरी मागे घेत असेल. अहवालात तिचा पत्ताच नसणार, आणि बिल्ले मात्र गावोगावच्या शाळांत पोचणार. भीती काही गेली नव्हती. पण उद्या बैठक होती, अहवाल तिथेच द्यायचा होता. त्याआधी लेकीला सांगायलाच हवं होतं : घाबरते मी, ते माझं मी बघेन, तू पाहिलंस तेच लिही.

तिने चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.