मडमच्या दगडावरची ओळ

आमच्या यांना संस्कृत शिकवण्याचा नादच तसा. श्लोक दिसला की आधी अन्वय लावायचा. कर्ता पुढे, क्रियापद शेवटी, बाकीचे शब्द आपापल्या जागी, मगच अर्थ. मी भांडताना बोललेली वाक्यंसुद्धा हे सरळ करून मला परत ऐकवायचे.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या मिशनमधले म्हातारे पाद्री आमच्या यांच्याकडे संस्कृत शिकायला येत आणि बदल्यात यांना जुनी ग्रीक शिकवत. त्या भाषेतही संस्कृतसारखेच शब्दांना प्रत्यय असतात, त्यामुळे शब्द कुठेही ठेवले तरी अर्थ ढळत नाही, असं हे मला भाकरी थापताना सांगत बसायचे.

मग पाद्रींच्या मडम गेल्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसलेली बाई; मला कितीतरी दिवस घास गोड लागला नाही. त्यांना मिशनच्या आवारातच पुरलं. पाद्री आता कायमचे मायदेशी निघाले होते. कबरीवरच्या दगडासाठी त्यांनी स्वतः एक ग्रीक ओळ रचून दिली आणि मोताळ्याकडच्या गावांचा निरोप घ्यायला गेले. रोहिणखेडच्या पाथरवटाला ती लिपी कुठून येणार? दगडावर खडूने अक्षरं काढून द्यायचं काम यांच्याकडे आलं.

ओळ वाचून यांना गलबलून आलं. दुःखात बिचाऱ्यांचे शब्द इकडेतिकडे झालेत, म्हणाले. मग रीतसर अन्वय लावला आणि तसंच काढून दिलं: मी, घरी जाताना, या मातीत, तुला, ठेवतो. अर्थ तसूभरही हलला नाही म्हणून स्वारी खुशीत होती.

पाद्री परतले ते निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. आम्ही तिघं कबरीपाशी गेलो. त्यांनी एकदा वाचलं, मग कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. यांनी घाईघाईने अन्वय समजावला. अर्थ बरोबर आहे, असं पाद्रीही म्हणाले.

"पण 'मी' आणि 'तुला' हे शब्द मी मुद्दाम शेजारी ठेवले होते, गुरुजी. आता मधे घर आलं, माती आली."

नवा दगड घडवून घेऊ, असं हे कसंबसं म्हणाले. पण पाद्री सकाळी जाणार, त्यांना तो कधी दिसणार?

"काऊन हात लावला तुम्ही त्याले?" मी ओरडलेच. परक्या माणसासमोर नवऱ्यावर आवाज चढवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

पाद्रींनी मलाच शांत केलं. "मी तिकडे मरेन, बाई. मला तिकडेच पुरतील. आम्ही दोघं शेजारी असणार होतो, ते या एका ओळीतच."

हे मटकन तिथेच खाली बसले. त्यांना उठवायला मी हात दिला नाही.