जीजीची एक रिंग

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमची अम्मी म्हणते, आणि ते काही खोटं नाही. चहासुद्धा मी उभ्यानेच पितो. धंदाही तसाच मिळाला. आज कोणाच्या गोदामात कॅमेरे, उद्या शाळेत वायफाय, परवा कुठल्या तरी छतावर वायर ओढत लोंबकळायचं. वाशीममध्ये वायरचं काही अडलं की लोक मला बोलावतात, आणि मी पोचलो की फार घाई करतो म्हणून माझ्यावरच वैतागतात.

हे काम एका अडत दुकानातलं. जैन कुटुंब, खाली धान्याचं दुकान, वर घर, मागे गोदाम. शेठजी सत्तरीकडे झुकलेले, गादीवर बसून असत, पण कारभार सगळा मुलाच्या हाती. मुलाचं म्हणणं, जुना लँडलाइन नंबर सोडायचा नाही, गावोगावच्या लोकांना तोच पाठ आहे. पण त्यावर आलेला फोन दुकानात, गोदामात, वर घरात, कुठेही घेता आला पाहिजे, आणि फोन करणाऱ्याचा नंबर पडद्यावर दिसला पाहिजे. म्हणजे व्हीओआयपी राउटर बसवणं आलं. दिसायला ते वीतभर डबडं. एका बाजूने त्यात बाहेरची टेलिफोनची तार जाते, दुसऱ्या बाजूने घरातले सगळे फोन नेटवर्कच्या वायरने जोडतात. वायरी जोडायला काही वेळ लागत नाही. डोक्याला ताप होतो तो सेटिंगचा, कारण तार जुनी, डबडं नवं, आणि दोघंही हट्टी.

आधी लाइन सुटेचना. समोरच्याने फोन ठेवला तरी डबड्याला पत्ता नसायचा, ते आपलं लाइन धरून बसायचं आणि पुढच्याला एंगेज लागायचं. फोन कटल्यावर आपल्याकडे जो टूं टूं आवाज येतो तो त्याला ओळखायला लावला. मग बोलणं घुमायला लागलं, ते बंद केलं. मग नंबर दिसेना. तोही आणला. शेवटी माझ्या मोबाइलवरून फोन लावून दाखवला. तिन्ही ठिकाणी वाजला, पडद्यावर माझा नंबर झळकला, मुलगा म्हणाला, "वा भाई," आणि मी फुशारकीत गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी शेठजींचा फोन. "भाई, फोन वाजून नाही राह्यला."

गेलो. लावून पाहिला. खणखणीत वाजला.

"हा काय वाजला, शेठजी."

"आता वाजला. सकाळी नाही वाजला."

"सकाळी कोनाचा येनार होता?"

शेठजी चष्मा पुसत बसले. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मी वायर बदलली, डबडं बंद करून चालू केलं, तारेचा जोड खरवडून पुन्हा बसवला. लावला की वाजायचा. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी कारंज्याला एका कामावर होतो. ते अर्धवट टाकून यावं लागलं, त्यामुळे पारा आधीच चढलेला.

"शेठजी," मी म्हणालो, "आता काय रोज सकाळी येऊन घंटी वाजवून दाखवू? वाजून तर राह्यला तुमचा फोन. तुमाले ऐकू येत नसन तर ते सेटिंग माह्याकडे नाही."

बोलल्यावर वाटलं, जास्त झालं. पण शेठजी रागावले नाहीत. शेठाणी चहा घेऊन जिन्यावरून उतरत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "अहो, सांगून टाका न त्याइले. लाजता कायले? जीजी एकच रिंग देते, भाऊ."

मग सगळं बाहेर आलं. जीजी म्हणजे शेठजींची मोठी बहीण. अनसिंगला राहते, एकटी. मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. फोनला पैसे पडायचे त्या काळात भावाबहिणीचं ठरलं होतं की सकाळी आंघोळ झाली की जीजीने एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचं. म्हणजे मी ठीक आहे. मग ती घराला कुलूप लावून मंदिरात जाणार, फोन घरातच ठेवून. आणि इकडे शेठजी पाणी पिणार. देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा नियम त्यांच्यातले पुष्कळ जण पाळतात. शेठजींनी आपल्या मनाने त्यात बहिणीच्या रिंगची भर घातली होती. आता फोन फुकट झाले, तरी रिंग एकच. माझं डबडं बसल्यापासून ते रोज सकाळी रिंगची वाट पाहत कोरडे बसून राहत. मग कधीतरी मुलगा अनसिंगला फोन लावायचा, तोवर जीजी मंदिरातून परत आलेली असायची आणि म्हणायची, "मी तं देल्ली रिंग."

ऐकलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. या लाइनवर फोन करणाऱ्याचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो. मुलाला नंबर दिसायला हवा म्हणून मी डबड्याला लावून दिलं होतं की पहिल्या रिंगला गप्प राहायचं, नंबर घ्यायचा, आणि मगच आत वाजवायचं. जीजी दुसऱ्या रिंगपर्यंत थांबतच नव्हती. मिस्ड कॉल देण्यात आमच्या जिल्ह्याचा हात कोणी धरणार नाही, मी स्वतः दिवसभर देतो, आणि टेस्ट करताना नेमकं हेच सुचलं नाही.

"थांबणं काढून टाकतो," मी म्हणालो, "पन मंग नंबर नाही दिसनार."

मुलगा म्हणाला, "मंग एवढं करून फायदा काय?"

"नंबर राहू दे," शेठजी म्हणाले. "मले रिंग पाह्यजे."

सेटिंग बदललं. एक रिंग देऊन कापला. वाजला. पुन्हा दिला, पुन्हा वाजला. गोदामातही, वरही. काम संपलं होतं. पण जीव काही शांत होईना. दुसऱ्या दिवशी कारंज्याचं राहिलेलं काम करायचं होतं, तरी मी सकाळी गाडी काढली आणि सरळ दुकानात आलो. जीजीची रिंग स्वतःच्या कानांनी ऐकायची होती मला.

शेठजी गादीवर, पुढ्यात झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या. रोज्यात आम्हीही पाण्यासाठी थांबतो, पण आम्हाला निदान वेळ माहीत असते. यांचा रोजा एका म्हातारीच्या बोटावर सुटायचा. मी डबड्यासमोर उभा. रिंग आली की त्यावरचा एक दिवा लुकलुकतो, त्याच्याकडे डोळे लावून. दिवा स्थिर. मी दारापर्यंत गेलो, परत आलो. पोत्यांना वळसा घातला, परत आलो.

"बस न भाई," शेठजी म्हणाले.

बसवत नव्हतं. रोजची वेळ होऊन गेली. हात सारखा खिशातल्या मोबाइलकडे जायचा, एकदा टेस्ट करून पाहावं म्हणून. पण मी टेस्ट करत असताना तिने लावला तर तिला एंगेज लागणार. म्हणजे पाहताही येत नव्हतं आणि न पाहता राहवतही नव्हतं. असा जीव टांगणीला लागलेला मला फार कमी वेळा आठवतो.

मुलगा आला, घड्याळ पाहिलं आणि हसला. "खाल्ली वाट्टे रिंग आजबी तुमच्या डबड्यानं." त्याने अनसिंगला फोन लावला. नुसता वाजत राहिला, कोणी उचलला नाही. "मंदिरात गेली असन. बाबा, प्या तुमी पाणी."

शेठजींनी तांब्याकडे हात नेला आणि माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ गेल्यावर मी मोबाइल काढला, एक रिंग दिली, कापली. समोरचा फोन वाजला. पुन्हा दिली. वाजला.

त्या क्षणी मला मनापासून वाटलं की मशीन खराब निघालं असतं तर किती बरं झालं असतं. मुलाच्या शिव्या खाल्ल्या असत्या, पैसे परत दिले असते, डबडं उचलून घरी नेलं असतं. डबड्याने रिंग खाल्ली असेल तर जीजी मंदिरात होती. खाल्ली नसेल तर तिने दिलीच नव्हती, आणि रिंग न देता ती घराबाहेर पडत नाही.

"शेठजी," मी म्हणालो, "लाइन चांगली हाये. रिंग आलीच नाही."

मग शेठजींनी तांब्या बाजूला सरकवला आणि मुलाला म्हणाले, "जीजीच्या समोरच्या किराणावाल्याले लाव. दाराले कुलूप हाये का पाह्य म्हणा."

किराणावाल्याने फोन कानाला धरूनच गल्ली ओलांडली. कुलूप नव्हतं. आतून कडी होती.

मुलाने कार काढली. मला कोणी चल म्हटलं नव्हतं, मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी प्रत्येक ट्रॅक्टर जणू आमच्याच पुढे येऊन हळू व्हायचा. शेठजी पुढे बसून गुडघा चोळत होते. अर्ध्या वाटेत किराणावाल्याचा फोन आला. मागच्या भिंतीवरून तो आत उतरला होता. "न्हाणीपाशी पडली हाये. बोलून राह्यली. पाय नाही हलवत." मी ड्रायव्हरच्या सीटची पाठ किती घट्ट धरली होती, ते मला सोडताना कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा जीजी न्हाणीच्या उंबऱ्याशी आडवी होती, अंगावर चादर, डोकं किराणावाल्याच्या बायकोच्या मांडीवर. आंघोळीला जातानाच पाय घसरला होता. फोन आतल्या खोलीत. त्या बाईच्या हातात पाण्याचा पेला तसाच भरलेला. "घेईनाच," ती म्हणाली. "दर्शन व्हायचं हाये म्हनते."

जीजीने मान वळवून भावाकडे पाहिलं. तिला पहिल्यांदाच पाहत होतो मी. केवढीशी होती.

"पाणी पेला का तू?" तिने विचारलं.

शेठजींना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग उभा काहून हायेस? पे."

तो भरलेला पेला शेठजींनी घेतला, तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडत रडत प्याले. जीजी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत होती, "रिंग राह्यली रे आज. रिंग राह्यली."

वाशीमला आणून तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती शेठजींच्या घरी वरच्या मजल्यावर असते, काठी घेऊन चालते. तिच्या पलंगापाशी मी घरातल्या लाइनचा फोन बसवून दिलाय, एक बटण दाबलं की खाली लागतो. ती त्याला हात लावत नाही. सकाळी आंघोळ झाली की स्वतःच्या जुन्या मोबाइलवरून तोच लँडलाइन नंबर दाबते. फोन बाहेरच्या तारेवरून फिरून खाली दुकानात एकदा वाजतो. नंबर दिसत नाही, आणि मुलानेही तो पुन्हा कधी मागितला नाही.

सकाळी त्या बाजूला काम असलं की मी दुकानात डोकावतो. नसलं तरी डोकावतो. शेठाणी माझ्यापुढे चहा ठेवतात. मी शेठजींच्या शेजारी बसतो, आणि वरून रिंग येईपर्यंत चहाला हात लावत नाही.