हत्ती बघायचा खर्च

वहिनींचं आयुष्य लोकांचे बसलेले सोफे पुन्हा वर आणण्यात गेलं. नवरा गेल्यावर त्याचं दुकान त्यांनी चालू ठेवलं. पुढे रेक्झिनचे गठ्ठे, स्पंज, बारीक खिळ्यांचे डबे. मागे राहायच्या दोन खोल्या. तिथे त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी नणंद राहायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली आणि तोंडाला कुलूप नसलेली. घरचे तिला लहानपणापासून घंटाबाईच म्हणायचे.

एकदा वहिनी एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत सोफ्याचं माप घ्यायला गेल्या. भिंतीवरच्या पडद्यावर हत्तींचा कळप नदी ओलांडत होता. काठावर एक पिल्लू घसरलं, तशा दोन हत्तिणी मागे वळल्या आणि सोंडेनं त्याला वर ढकलू लागल्या. वहिनींच्या हातातली टेप सर्रकन डबीत गेली, ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

"हे असं खरंच बघता येतं?"

"येतं की, आफ्रिकेत," टेबलामागची मुलगी म्हणाली आणि तिनं खर्चाचा आकडा सांगितला. वहिनी पुन्हा मापाला लागल्या. ते त्यांना तीनदा घ्यावं लागलं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" घरी घंटाबाई कडाडली. "एवढ्यात दुकानाचं छप्पर नवं होईल!"

"छप्पर मी रोज बघते गं."

सोफा पोचवायला गेल्या तेव्हा वहिनी त्या मुलीसमोर बसल्याच. जुना सोफा उसवावा तसा त्यांनी तिच्याकडून तो आकडा उसवून घेतला. विमानाचं तिकीट कमी होणार नव्हतं. अभयारण्याचं शुल्क राजाला आणि रंकाला सारखंच. लसी टाळता येणार नव्हत्या, चालकाची बक्षिसी टाळणं बरं दिसलं नसतं. सगळ्यात जाड थर निघाला तो हॉटेलचा.

"हा काढा," वहिनी म्हणाल्या. "डोळे मिटल्यावर सगळे पलंग सारखेच. तंबू चालेल."

"पावसाळ्यात गेलात तर आणखी स्वस्त पडेल. जीपही दुसऱ्या प्रवाशांबरोबर वाटून घेता येईल. पण गवत वाढलेलं असतं, जनावरं दिसतील याची खात्री नाही."

"मग उन्हाळ्यात असते का खात्री?"

"नाही... तशी तेव्हाही नसते."

"मग नसलेल्या खात्रीचे जादा पैसे कशाला?"

त्यानंतर काही वर्षं दुकानातला दिवा उशिरापर्यंत जळत राहिला. हॉटेलांच्या खुर्च्या, शाळेच्या बसची फाटकी आसनं, वहिनी कशालाच नाही म्हणेनात. घंटाबाई कुरकुरत होती, पण एके दिवशी तिनं आपल्या पेन्शनमधले पैसे पुढ्यात ठेवले. "तू एकटी गेलीस आणि तुला वाघानं खाल्लं तर मी बोलू कुणाशी?"

"तिथे वाघ नसतात."

"मग सिंहानं खाल्लं तर."

निघायच्या आधी तिकिटाचे दर भडकले. आता करायचं काय? प्रवासी कंपनीतली मुलगी म्हणाली, पुढच्या वर्षी जा. वहिनींनी नाही सांगितलं. त्यांनी जंगलातले दिवस निम्मे केले. उरले दोन.

पहिल्या दिवशी पाऊस थांबलाच नाही. जीपमधून त्यांना ओलं गवत, आणखी ओलं गवत आणि बाभळीवर बसलेला एक निळा पक्षी दिसला. "केवढ्याला पडलं गं हे पाखरू?" घंटाबाईनं विचारलं. वहिनी हसल्या, पण रात्री तंबूत त्यांना झोप येईना. आपल्या हट्टापायी नणंदेची पुंजीही चिखलात गेली, हे त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलात खरोखरच गेली ती जीप. चाकं जागच्या जागी फिरू लागली. बरोबरचे प्रवासी त्रासले. चालकानं मदतीसाठी निरोप धाडला आणि इंजिन बंद केलं. घंटाबाईनं बोलायला तोंड उघडलं, तोच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

गवत हललं. आधी एक करडी पाठ वर आली, मग दुसरी, मग जिकडे बघावं तिकडे पाठीच पाठी. हत्ती जीपच्या दोन्ही बाजूंनी येत होते आणि आवाज येत नव्हता. कसलाच नाही. एवढी मोठी धूडं, आणि मांजराच्या पावलानं चाललेली. वहिनींची नजर खाली गेली. पाऊल टेकलं की तळवा वजनाखाली पसरायचा, उचललं की पुन्हा आवळून यायचा. सारा जन्म त्यांनी स्पंज आणि काथ्या कोंबण्यात घालवला होता. असा मऊपणा कुणाच्या हातून होणार नाही, हे त्यांना एका नजरेत कळलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

सगळ्यात म्हातारी हत्तीण जीपपाशी थांबली. कातडीवर सुकलेल्या चिखलाच्या भेगा, कानाला एक फाट, तपकिरी डोळा. तिच्या श्वासाला चिरडलेल्या गवताचा वास होता. तिनं सोंड उचलून जीपच्या उघड्या छतावरून हवा हुंगली, अगदी सावकाश, घाई म्हणजे काय ते ठाऊकच नसल्यासारखी. तिच्या पोटाखालून एका पिल्लानं डोकं काढलं. वहिनींना वाटलं, आपण हिला बघायला आलो खरे, पण बघतेय ही आपल्याला. आणि त्या बघण्यापुढे आपण केवढेसे!

मग ती पुढे निघाली. तिच्यामागून सगळा कळप गवतात विरघळून गेला.

वहिनींनी शेजारी पाहिलं. घंटाबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे शब्द नव्हता. चालकसुद्धा टोपी हातात घेऊन बसला होता. थोड्या वेळानं जीप ओढायला दुसरी गाडी आली.

दुकानाचं छप्पर अजून गळतं. गिऱ्हाईक आलं की घंटाबाई हत्तींची गोष्ट सांगते आणि दरवेळी कळप थोडा वाढतो. वहिनी तिला टोकत नाहीत. खरे किती होते, ते मोजायचं भान त्यांना तरी कुठे होतं? पण म्हातारी हत्तीण जीपपाशी आली, इथवर पोचल्यावर घंटाबाईचा आवाज उतरतो, अगदी कुजबुजीवर येतो, आणि समोरचं माणूस ऐकायला पुढे वाकतं.