कोरडा फ्लॅट

लॉन्ड्रीत त्यांना सगळे ताई म्हणत. सव्वीस वर्षं त्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या होत्या. कापडाला बोट लावलं की ते किती ताव सोसेल, हे त्यांना कळे. इंग्रजी अक्षरं जुळवता यायची. अर्थ लागला तर लागला.

मग तो लोकरी स्वेटर आला. लेबलावर होतं ‘ड्राय फ्लॅट’. ड्राय म्हणजे कोरडा, फ्लॅट म्हणजे माणसं राहतात तो. कोरड्या खोलीत ठेवायचा असेल, असं ठरवून ताईंनी ओला स्वेटर आतल्या खोलीत हँगरला टांगला. सकाळी बाह्या गुडघ्यापर्यंत आलेल्या!

मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “लेबल वाचायला शिका, ताई. नाहीतर नाजूक कपडे मला बाहेर पाठवावे लागतील.”

ताईंचे धाकटे दीर इंग्रजीचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. शिकवायला कुणी मिळालं म्हणून ते खूशच झाले.

“वहिनी, नामाबद्दल विशेष माहिती सांगतं ते विशेषण. उदाहरणार्थ, काळा घोडा.”

“घोड्याला इस्त्री करते का मी? स्वेटरचं बोला.”

“तिथे ड्राय हे क्रियापद. वाळवा. आणि फ्लॅट म्हणजे कसं वाळवा? आडवं पसरून. ते क्रियाविशेषण.”

“पण ड्राय म्हणजे कोरडा ना?”

“तेही बरोबर.”

“म्हणजे सगळंच बरोबर, चुकले तेवढी मी!”

तरी एवढं त्यांनी डोक्यात पक्कं केलं, की लेबलावरचा पहिला शब्द म्हणजे हुकूम. दोन दिवसांनी रेशमी ब्लाउज आला. ‘कूल आयर्न.’ ताईंनी मुकाट्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्या समोर हाताची घडी घालून बसल्या.

“काय झालं?” मालकीणबाईंनी विचारलं.

“इस्त्री गार करायला सांगितलंय. करतेय.”

संध्याकाळी हे ऐकून मास्तर हसले आणि ताईंचा पारा चढला.

“वहिनी, इथे कूल विशेषण आहे. कूल आयर्न म्हणजे कमी तापलेली इस्त्री.”

“तुमच्या इंग्रजीत शब्दांना एका जागी टिकून राहता येत नाही का, भाऊजी? आज हुकूम, उद्या विशेषण! आणि माझा जीव जातोय त्यांच्या मागे धावून.”

मास्तर म्हणाले, “झाडाचं खोड असतं. माणसाला खोड असते. आणि वहीत चुकलेलं काढायचं असलं की आपण म्हणतो, खोड ते. तुमचा गोंधळ होतो?”

“कशाला होईल? पुढेमागे काय आहे त्यावरून कळतं.”

“तेवढंच करायचं.”

दुसऱ्या दिवशी ‘डू नॉट आयर्न’ आलं, तेव्हा आधीचे दोन शब्द बघून ताई स्वतःशीच पुटपुटल्या, “करू नका. काय करू नका? इस्त्री करू नका.” आणि कपडा नुसता घडी करून ठेवला.

महिन्याभरात नाजूक कपडे बाहेर पाठवायचं नाव निघेनासं झालं; सगळा गठ्ठा त्यांच्याच टेबलावर यायला लागला. मास्तर मात्र नवी वही घेऊन हजर. “आता शब्दयोगी अव्ययं घेऊ.”

“ती लेबलावर येतात?”

“कधीकधी.”

“मग येतील तेव्हा बघू,” ताई म्हणाल्या आणि मास्तरांच्या हातातली वही काढून घेऊन चहाचा कप दिला.