मंगेशने देवापुढे ठेवलेला नारळ

मंगेशइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि सरळपणाने इतकं वाटोळं झालेलाही दुसरा पाहिला नाही.

तो पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचा. महाडात टायपिंग शिकवायचा आणि उरलेला वेळ माझ्या सायबर कॅफेत काढायचा. २००३ च्या सुमारास त्याने 'पाटी' नावाचं मराठीत लिहायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ओपन सोर्स, म्हणजे फुकट. आतला कोड कुणीही घ्यावा, सुधारावा, पगार कुणालाच नाही. पुण्या-मुंबईची मुलं हौसेने येऊन मिळाली. कारभार सगळा मेलिंग लिस्टवर: एकाने लिहिलं की सगळ्यांना जाई, आणि इंटरनेटवर जगालाही दिसे. आपल्या भागातल्या शाळाशाळांत पाटी बसवायची, या वेडापायी त्याला लग्नही सुचत नव्हतं.

पुढारीपण तो शिकला गावकीत. वडील चांगू गावकीतले जाणते. देवळात गाव बसायचं, ज्याचं चुकलं त्याला चारचौघांत खडसवायचं, त्याने देवापुढे नारळ ठेवायचा, खोबरं वाटलं की विषय संपला. दुसऱ्या दिवशी तेच दोघे एका बांधावर भाकरी खायला मोकळे. कौतुक मात्र तोंडावर करायचं नाही, माणूस बिघडतो. मंगेशने हे सगळं जसंच्या तसं उचललं.

पाटीचा कणा होती पुण्याची पूनम. कोडचा मोठा भाग तिचा, माणसं तिने जमवलेली, पेपरात बातमीही तिनेच आणलेली. माझ्यापाशी तिचं गुणगान गाताना मंगेश थकायचा नाही. अरे, हे तिला लिही, असं मी म्हटलं की म्हणायचा, तिला ठाऊकच असेल.

एकदा तिने घाईत नवी आवृत्ती सोडली. नेमका तेव्हाच मंगेश पोलादपूरकडच्या एका शाळेत पाटी दाखवायला गेला, आणि मुख्याध्यापकांसमोर जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. त्यांनी हसून चहा पाजला आणि वाटेला लावलं. मंगेश तणतणत माझ्याकडे आला. मी परोपरीने सांगितलं, तिला एकटीला मेल टाक.

"पाठीमागनं कुजबुजायला मी काय चहाडखोर हाय? बोलायचं ता सगळ्यांसमोर."

आणि त्याने लिस्टवर लिहिलं, "जमत नसेल तर हात लावू नये. तुझ्यामुळे पाटीचं हसं झालं."

पूनमचं उत्तर एकदाच आलं. "इतक्या दिवसांत तुम्ही माझ्याविषयी लिहिलेलं हे पहिलं वाक्य." त्यानंतर तिने लिस्ट सोडली.

गावकीतलं बोलणं वाऱ्यावर जातं. इथे ते तसंच राहिलं. नवं येणारं पोरगं आधी तेच वाचायचं आणि आल्या पावली परतायचं. पूनमने तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढला, आणि एकेक करून सगळे तिकडे गेले. मी माफी माग म्हणून मंगेशच्या मागे लागलो. शिमग्याला गावी जाऊन आला आणि समाधानाने सांगू लागला, नारळ ठेवला, गावासमोर चूक कबूल केली. माझं डोकंच फिरलं. कापड्याच्या देवाला मेल येतो का? गावाला पूनम कोण तेही माहीत नाही; शेजारच्या बयाबाईने तर पोरीचं नाव ऐकून सून कधी आणतोस म्हणून विचारलं.

पुढे त्याच शाळेने पूनमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. बसवून द्यायला जाणकार माणूस हवा होता, म्हणून मुख्याध्यापकांनी मंगेशलाच बोलावलं. तो गेला, बसवून आला. जोडाक्षरं झकास येतात, हे सांगताना त्याचे डोळे भरले.

त्याच दुपारी माझ्या कॅफेत बसून त्याने लिस्टवर माफी लिहिली. चूक माझी, पाटी उभी केली ती पूनमने, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मेल पाठवला, तो पलीकडे माझ्या मशीनवर येऊन पडला. आणखी कुठे जाण्यासारखा नव्हता. लिस्टवर आम्ही दोघेच उरलो होतो.

मी म्हटलं, आता तरी तिला एकटीला पाठव.

"शिवी सगळ्यांत दिली," मंगेश म्हणाला. "माफी एकटीला कशी मागू? आनि सगळी माणसं आता कुठनं आणू रे?"