दिवस मावळायच्या आत कोल्हापूर

आमच्या आष्ट्याच्या गल्लीतलं कुणी विमानात बसलं, की बसणारं माणूस तासाभरात उतरतं. पण मागं राहिलेल्यांच्या तोंडी ती गोष्ट वर्षभर असते. आता तर घराघरातलं कुणी ना कुणी कोल्हापूर-हैदराबाद करायला लागलंय. किती गोष्टी झाल्या, मोजायचंच सोडलंय मी!

*

शेजारची नीला. तिचा लेक हैदराबादला नोकरीला. तो विमानात चढला, की ही फोन घेऊन उंबऱ्यात बसणार. एकदा मी म्हटलं, "अगं, वर फोन बंद ठेवायला लावत्यात."

रडायलाच लागली. "मग पडलं तर त्यानं कळवायचं कसं?"

*

समोरच्या शांताक्का जैनाच्या. दिवस मावळला की अन्नाला शिवत नाहीत. त्यांची लेक हैदराबादला बाळंत झाली, तर बारशाला मला सोबत घेऊन निघाल्या. विमानतळ गाठायला गाडीत दीड तास, तिथं बसून दोन तास, आणि विमानात? एकच तास!

आक्का म्हणाल्या, "लगनाच्या पंगतीसारखंच की गं. जेवान घटकाभर, ताटकळायचं दिवसभर!"

*

ढगात विमान लय हाललं. आक्कांनी माझं मनगट आवळून धरलं.

"आवं आक्का, एस्टी बी हालतीया की."

"एस्टीच्या खाली रस्ता असतो गं!"

*

परतीचं विमान दुपारचं होतं. "तासाभराची तर वाट. घरी जाऊनच जेवू," आक्का म्हणाल्या. पण विमान येईचना! अर्धा तास, अजून अर्धा तास, असं करत चार तास गेले. आक्कांना साखरेचं दुखणं. दुपारची गोळी सवयीनं घेतलेली, पोटात मात्र काही नाही. मी डबा पुढं केला.

"पायात चपला घालून, रांगेत हुबी ऱ्हाऊन? न्हाई. आत बसल्यावर बघू."

विमान उडालं तेव्हा ऊन पार उतरलं होतं. वर गेल्यावर आक्कांना दरदरून घाम फुटला, हात लटलटा कापायला लागले. मी डबा उघडला. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. कुठल्याशा गावात दिवे लागलेले.

"मावळला गं."

"आवं, ह्यो काय सूर्य!" ढगांच्या कडेला खरंच होता, लालभडक.

"खाली मावळलाय. कुठला धरायचा?"

"तुमी खाली हाय का वर?"

आक्कांनी विचार केला. चपला काढल्या, दशमी मोडली, पहिला घास तोंडात घातला आणि विमान वळलं! आमच्या खिडकीतला सूर्यच गेला. बाहेर नुसता काळोख.

घास तोंडात तसाच. चावेनात, टाकेनात. डोळे मिटायला लागले. कशाबशा पुटपुटल्या, "त्या बाजूच्याला इचार. त्याला दिसतोय का अजून?"

मी ओरडलेच, "ओ दादा! तुमच्याकडं सूर्य हाय का?"

पलीकडच्या खिडकीशी बसलेला माणूस, कोण कुठला, त्यानं आक्कांकडं बघितलं. उघड्या डब्याकडं बघितलं.

"हाय की मावशी! चांगला कासराभर वर हाय. जेवा सावकाश."

आक्कांनी घास गिळला. मग दोन दशम्या खाल्ल्या, वर गुळाचा खडा. हळूहळू हाताचं कापणं थांबलं.

त्याला काहीतरी बोलावं म्हणून मी वाकले. त्याच्या खिडकीचा पडदा पार खालपर्यंत ओढलेला होता.